कोठीघरातली प्रयोगशाळा

फ्रिज उघडला आणि दुधाच्या भांड्याशेजारी लघवीच्या बाटल्या ओळीने लावून ठेवलेल्या दिसल्या, तर आपण काय करू? मी तर घर डोक्यावर घेईन. पण मेलबर्नमधल्या जीन केड या बाईंनी हे निमूटपणे चालवून घेतलं. बाटल्यांमधली लघवी मनोरुग्णांची होती आणि ती घरी आणणारे होते त्यांचे यजमान, डॉ. जॉन केड. ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरची. त्या बाटल्यांमधून पुढे जे निघालं, त्यामुळे जगभरातली लाखो माणसं वेड्यांच्या इस्पितळातून घरी आली. आजही आपल्या जिल्ह्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ ज्या गोळ्या लिहून देतात, त्यातली एक त्यांचीच देणगी आहे, लिथियम.

मैत्रिणींनो, मी काही डॉक्टर नाही. कलाशाखेची पदवीधर, घर सांभाळून बचत गटांचं आणि थोडंफार आरोग्याचं काम करणारी बाई. पण घरोघर जाताना एक गोष्ट सारखी दिसते. मधुमेहाची गोळी फ्रिजवर उघडी ठेवलेली असते, रक्तदाबाची देवघराशेजारी असते, आणि मनाच्या आजाराची मात्र साड्यांच्या घडीखाली. म्हणून या माणसाबद्दल लिहावंसं वाटलं.

जॉन केड यांचा जन्म १८ जानेवारी १९१२ चा, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या मुर्टोआ नावाच्या लहानशा गावातला. वडील डेव्हिड केड गावचे डॉक्टर. जॉन अगदी लहान असताना पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि वडील सैन्यात गेले. परत आले ते थकून, खचून. दवाखाना चालवणं जमेना, तेव्हा तो विकून त्यांनी सरकारी मनोरुग्णालयांच्या खात्यात नोकरी धरली. एकामागून एक अशा अनेक मनोरुग्णालयांचे ते अधीक्षक झाले. अधीक्षकाचं घर रुग्णालयाच्याच आवारात असे. त्यामुळे जॉन आणि त्याच्या भावांचं बालपण मनोरुग्णांच्या सोबतीत गेलं.

याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे गल्लीत असा कुणी दिसला की आपण पोरांना घरात ओढून घेतो. या मुलासाठी मात्र ती रोजच्या ओळखीची माणसं होती. कुणी बागेत काम करणारं, कुणी एकटंच बोलत बसणारं, कुणी चार महिने झकास आणि मग अचानक पलंगावरून न उठणारं. ही माणसं वाईट नाहीत, आजारी आहेत, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

१९३४ मध्ये मेलबर्न विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. उमेदवारीच्या काळात त्यांना दोन्ही फुप्फुसांचा न्यूमोनिया झाला. अँटिबायोटिक्स अजून यायची होती, म्हणजे जीव वाचला हेच नशीब. त्या आजारपणात सेवा करणाऱ्या नर्स जीनशी त्यांचं सूत जुळलं आणि १९३७ मध्ये लग्न झालं. तोवर वडिलांच्याच वाटेने तेही मनोरुग्णालयाच्या नोकरीत शिरले होते.

मग दुसरं महायुद्ध. केड सैन्यात डॉक्टर म्हणून सिंगापूरला गेले आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतलं तेव्हा हजारो सैनिकांबरोबर पकडले गेले. पुढची साडेतीन वर्षं चांगीच्या कैदेत. भात, तोही पुरेसा नाही. कैद्यांना बेरीबेरी व्हायचा, पेलाग्रा व्हायचा. यातला बेरीबेरी ब १ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, आणि पेलाग्रा जीवनसत्त्वाच्याच दुसऱ्या एका कमतरतेने. पेलाग्रा झालेला माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो आणि अन्नातलं ते जीवनसत्त्व मिळालं की डोकं ताळ्यावर येतं. मनोरुग्ण सैनिकांची जबाबदारी केड यांच्याकडेच होती. शरीरात एखादा कण कमी किंवा जास्त झाला तर मन बिघडू शकतं, हा विचार तिथे त्यांच्या मनात पक्का झाला. इकडे जीनबाई लहान मुलांना घेऊन नवऱ्याची वाट बघत होत्या. सप्टेंबर १९४५ मध्ये सुटका झाली.

परत आल्यावर ते मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. त्या काळी या आजारांवर उपाय तरी काय होते? खोलीत कोंडणं, गुंगीची औषधं, इन्शुलिन देऊन बेशुद्ध करणं आणि शॉक. शॉकची पद्धत १९३८ मध्ये आली आणि ती खरंच उपयोगी होती. आता भूल देऊन केली जाते आणि तीव्र नैराश्यात अजूनही जीव वाचवते, हे जाता जाता सांगते, कारण सिनेमांनी तिची फार बदनामी केली आहे. शिवाय मेंदूचा भाग कापायची लोबोटॉमी नावाची शस्त्रक्रिया होती. १९४९ सालचं नोबेल पारितोषिक त्या शस्त्रक्रियेला मिळालं! आणि त्याच वर्षी केड यांचा साधा, चार पानांचा वाटावा असा लेख ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, ज्याकडे फारसं कुणी बघितलंही नाही.

तो लेख कसा झाला ते ऐका. रुग्णालयात एक वापरात नसलेली कोठीची खोली होती. तिथे केड यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. पैसा नाही, मदतनीस नाही, मोठी उपकरणं नाहीत. डोक्यात एकच तर्क. थायरॉइड वाढलं की माणूस चंचल, चिडखोर, घामाघूम होतो आणि कमी झालं की मंद, सुस्त. तसंच उन्मादात शरीरात काहीतरी जास्त होत असेल आणि खिन्नतेत कमी पडत असेल. जास्त असेल तर ते लघवीतून बाहेर पडणार. म्हणून त्या बाटल्या. उन्मादाच्या रुग्णांची लघवी गिनीपिगना टोचली, इतरांचीही टोचली. उन्मादाच्या रुग्णांची लघवी जास्त विषारी ठरतेय असं त्यांना दिसलं. मग त्यातलं युरिक अ‍ॅसिड तपासायचं ठरवलं, पण ते पाण्यात विरघळेना. विरघळणारा क्षार म्हणून लिथियम युरेट घेतलं. आणि झालं उलटंच. विषाचा जोर कमी झाला. मग नुसतं लिथियम कार्बोनेट टोचून पाहिलं, तर एरवी हात लावला की दचकून पळणारी ती गिनीपिग तास-दोन तास शांत पडून राहिली. उताणी केली तरी धडपड नाही.

खरं सांगायचं तर मूळ तर्क चुकीचा होता. लघवीत उन्मादाचं असं काही विष नसतं. गिनीपिगसुद्धा कदाचित औषध थोडं जास्त झाल्यामुळे मलूल झाली असावीत, हे पुढे लक्षात आलं. तरी हाताला लागलं ते खरं होतं. स्वयंपाकघरात आपल्याही बाबतीत होतं की असं, निघतो एक करायला आणि होतं भलतंच चांगलं! फरक एवढाच की जे वेगळं घडलं ते केड यांनी नीट पाहिलं आणि सोडून दिलं नाही.

लिथियम म्हणजे काही गूढ रसायन नव्हे. तो एक हलका धातू, दगडात सापडतो. १८१७ मध्ये स्वीडनमध्ये शोध लागला आणि ग्रीक भाषेतल्या दगडाच्या शब्दावरून नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात संधिवातासारख्या दुखण्यांवर देत असत. सेव्हन अपच्या सुरुवातीच्या सरबतातसुद्धा लिथियम असायचं, १९२९ सालच्या.

केड यांनी आधी लिथियम स्वतः घेऊन पाहिलं. काही बिघडलं नाही, तेव्हा २९ मार्च १९४८ रोजी पहिल्या रुग्णाला दिलं. एक्कावन्न वर्षांचा माजी सैनिक. पाच वर्षं सतत उन्मादात, कपडे फाडायचा, अस्वच्छ राहायचा, सगळ्यांच्या कामात लुडबुड करायचा. वॉर्डात सगळ्यात त्रासदायक म्हणून प्रसिद्ध. काही दिवसांत तो निवळू लागला. तीन आठवड्यांत त्याला बऱ्या होत चाललेल्या रुग्णांच्या वॉर्डात हलवलं. जुलैमध्ये तो घरी गेला आणि आपल्या जुन्या नोकरीवर हजर झाला! पाच वर्षांनी. त्याच्या घरच्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

केड यांनी एकूण १० उन्मादाच्या, ६ छिन्नमनस्कतेच्या आणि ३ नैराश्याच्या रुग्णांना लिथियम दिलं. उन्मादाचे सगळे सुधारले. छिन्नमनस्कतेचे, म्हणजे आपण ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो त्याचे रुग्ण शांत झाले, पण त्यांचे भास गेले नाहीत. नैराश्यावर फरक नाही. हे त्यांनी जसंच्या तसं लिहिलं. ३ सप्टेंबर १९४९ ला लेख छापून आला. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही हे त्या पहिल्याच लेखात होतं. आणि आपल्या बायका एकमेकींच्या गोळ्या वाटून घेतात. शेजारणीला झोप लागायला लागली ना, मग मलाही एक दे म्हणून!

पण तो पहिला रुग्ण. बरं वाटायला लागलं, तशी त्याने गोळी घ्यायची टाळाटाळ केली आणि मग सोडूनच दिली. काही महिन्यांत पुन्हा उन्माद, पुन्हा रुग्णालय. पुन्हा लिथियम, पुन्हा सुधारणा. त्यात औषधाचा त्रासही व्हायला लागला. पोट बिघडायचं, अंगात कंप यायचा. औषध थांबवलं की आजार उसळायचा आणि दिलं की शरीर सोसेना. मे १९५० मध्ये तो गेला. लिथियमच्या विषबाधेने. केड यांनी आपल्या रुग्णालयात हे औषध थांबवलं. ज्याने शोधलं त्यानेच कपाटात बंद केलं.

केवढी खंत वाटली असेल त्यांना! पण यात हलगर्जीपणा होता असं मला वाटत नाही. अडचण अशी होती की औषधाचा डोस आणि विषाचा डोस यात लिथियमच्या बाबतीत फार थोडं अंतर असतं आणि रक्तात ते किती साचलंय हे मोजण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. त्याच १९४९ साली अमेरिकेत आणखी एक घोळ झाला होता. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना मीठ बंद असतं, म्हणून मिठाऐवजी वापरायला लिथियमचा क्षार बाजारात आला. लोक जेवणावर भुरभुरून खाऊ लागले. काही माणसं दगावली आणि सरकारने त्याची विक्री बंद केली. कारण आता आपल्याला माहीत आहे. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. अंगात मीठ किंवा पाणी कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही. ज्यांचं मीठ बंद होतं त्यांनाच ते खायला दिलं गेलं!

पुढचं काम इतरांनी केलं. मेलबर्न विद्यापीठात एडवर्ड ट्राउटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातलं लिथियम मोजायला सुरुवात केली आणि किती असलं म्हणजे सुरक्षित ते ठरत गेलं. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शू या डॉक्टरांनी १९५४ मध्ये काटेकोर चाचणी करून लिथियमचा गुण सिद्ध केला. शू यांच्या सख्ख्या भावाला नैराश्याचे झटके पुन्हा पुन्हा यायचे, लिथियम सुरू केल्यावर ते थांबले. म्हणजे त्यांनाही हा आजार घरातून माहीत होता. पुढे त्यांनी दाखवून दिलं की हे औषध नुसता आलेला उन्माद उतरवत नाही, तर नियमित घेतलं तर पुढचा झटकाही टाळतं. अमेरिकेने परवानगी दिली ती १९७० मध्ये, पहिल्या रुग्णानंतर बावीस वर्षांनी. उशिराचं एक कारण पैशाचंही होतं. दगडात सापडणाऱ्या साध्या क्षाराचं पेटंट कुणाला मिळणार? मग कंपन्या कशाला धावतील?

मधल्या काळात इतर औषधं आली. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनने भास आणि संशय कमी होतात हे दिसलं. आज स्किझोफ्रेनियावर जी औषधं देतात त्यांची ती आजी. नैराश्यावरचं एक औषध तर चक्क क्षयाच्या रुग्णांमुळे सापडलं, गोळी फुप्फुसांसाठी दिली आणि रुग्ण वॉर्डात आनंदी दिसू लागले. आपल्या देशाचाही यात वाटा आहे. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग वेडावर आणि रक्तदाबावर होतो हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलं आणि मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा तिचा अनुभव १९४९ मध्येच इंग्लंडच्या नियतकालिकात मांडला. तेही १९४९! पुढे सर्पगंधेतला अर्क मनोरुग्णांना देऊ लागले, पण त्याने काहींना नैराश्य येतं असं आढळलं आणि चांगली औषधं आल्यावर तो मागे पडला. झाडपाल्याचं औषध म्हणजे त्रास नाहीच, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मनाच्या गोळ्या सगळ्या एकाच माळेचे मणी नव्हेत. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती फेकून दिलेली मी पाहिली आहे. तिचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केली तर चक्कर, अस्वस्थपणा येऊ शकतो, म्हणून डॉक्टर हळूहळू उतरवतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची, आणि गंमत अशी की त्याच आपण केमिस्टकडून सहज मागून आणतो. लिथियम हे तिसरंच, मनाचा झोका फार वर किंवा फार खाली जाऊ नये म्हणून धरून ठेवणारं. कधी अति उत्साह, रात्र-रात्र जागरण, उधळपट्टी, तर कधी पलंगावरून उठवत नाही, असा दोन टोकांचा आजार म्हणजे बायपोलर. अशा माणसाला नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर झोका वरच्या टोकाला जाऊ शकतो. म्हणून पूर्वी कधी असा उधाणलेला काळ येऊन गेला होता का, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. सांगणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. लिथियम घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कमी राहतं असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, आणि माझ्या मते एवढ्यासाठी तरी रक्त तपासायचा कंटाळा करू नये.

केड १९५२ मध्ये मेलबर्नच्या रॉयल पार्क मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि पुढची पंचवीस वर्षं तिथेच राहिले. १९५४ मध्ये इंग्लंडमधली रुग्णालयं पाहून आले आणि मग आपल्याकडचा दरारा, शिस्तीचा बडगा कमी केला. रुग्णांनी एकत्र बसून बोलायचं, मोकळेपणाने वागायचं. आजार वाढण्याआधी माणसाने आपणहून दाखल व्हावं यासाठी त्यांनी आग्रह धरला. दारूच्या रुग्णांना ब १ जीवनसत्त्व भरपूर द्यावं असंही ते सांगत. तो चांगीचा अनुभव असणार. १९७४ मध्ये त्यांना आणि मोगेन्स शू यांना मिळून मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय सन्मान दिला. १९७७ मध्ये निवृत्त झाले, १९७९ मध्ये मनोविकारांच्या उपचारांवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि १६ नोव्हेंबर १९८० रोजी अन्ननलिकेच्या कॅन्सरने ते गेले. पुन्हा कोठीघरात जाऊन असा दुसरा शोध त्यांच्या हातून लागला नाही. एकच लागला, पण पुरून उरला.

ज्यांच्या घरी कुणी लिथियम घेतं, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून थांबते. या गोळीवर असताना निर्जळी उपवास नको. वटपौर्णिमा असो की हरतालिका, पाणी प्यायलाच हवं. जुलाब-उलट्या, कडक ऊन, एकदम मीठ तोडणं, या सगळ्यात रक्तातलं लिथियम वाढतं. अंगदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळेही वाढतं, तेव्हा कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी लिथियम चालू आहे हे आधी सांगा. हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं असं दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठा. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणीही मधूनमधून करावी लागते. सुनेला दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर गोळी आपल्या मनाने बंद न करता आधी विचारा. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयं आहेत, जिल्हा रुग्णालयातही विचारता येतं, आणि घरबसल्या बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा फुकट क्रमांक आहे. रक्तातलं लिथियम साधारण ०.६ ते १ च्या दरम्यान ठेवतात, पण कुणाला किती ते डॉक्टर ठरवतात. आणि रक्त द्यायला सकाळी जाल तेव्हा रात्रीची गोळी घेऊन बारा तास झालेले असावेत. सकाळची गोळी पर्समध्ये न्या, रक्त देऊन झालं की मग घ्या.